दुरुस्तीलाही वाफसा लागतो



मृगाचा पहिला चांगला पाऊस होऊन गेला, की दुसऱ्या दिवशी सकाळी शेतकरी बांधावर जातो, वाकून मूठभर माती उचलतो आणि दाबून पाहतो. माती हाताला चिकटली तर तो औत परत नेतो. ढेकूळ दगडासारखे राहिले तरीही परत नेतो. दाबल्यावर गोळा झाला आणि बोटाने टिचकी मारताच तो मोकळा झाला, म्हणजे वाफसा आला असे तो समजतो. चिखलात कुळव घातला तर जमीन बिघडते, आणि फार दिवस वाट पाहत बसले तर ओल उडून जाते. हे ज्ञान त्याला कोणी शाळेत शिकवलेले नसते. पण साऱ्या हंगामाचे यश त्या एका मुठीवर अवलंबून असते.

आज मला आपल्याशी जे बोलायचे आहे, ते शेतीविषयी नाही. आपल्या संस्थांच्या कामकाजासाठी ठेवलेल्या संगणकाविषयी, आणि त्यातल्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती केव्हा करावी, केव्हा करू नये, याविषयी मी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हा विषय शहरातल्या इंजिनिअरांचा; आमचा त्याच्याशी काय संबंध? पण जरा आठवून पाहा. गावची विकास सोसायटी, दूध डेअरी, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, शाळेचे कार्यालय, यांपैकी किती ठिकाणी आज संगणकावाचून काम चालते? केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. म्हणजे ज्या खतावणीवर आपल्या पीककर्जाचा हिशेब लिहिलेला असतो, ती खतावणीच आता संगणकात गेली आहे. तेव्हा तिची डागडुजी कधी व कशी होते, हे जाणून घेणे हा आपलाही विषय आहे.

आता कोणी विचारील, सॉफ्टवेअर म्हणजे काही लोखंडाचा फाळ नव्हे. तो झिजत नाही, गंजत नाही. मग त्याला दुरुस्ती कशाला हवी? प्रश्न बरोबर आहे. सॉफ्टवेअर झिजत नाही, पण त्याच्या भोवतालचे जग बदलते. एक तर त्यात मुळातच राहून गेलेली एखादी फट चोरांना सापडते. ती बुजवावी लागते. दुसरे, कायदा बदलतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. ट्रॅक्टर आणि ठिबक संच यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ज्या दुकानदाराने आपले बिलाचे सॉफ्टवेअर त्या दिवशी बदलून घेतले नाही, त्याचे बिल चुकले. आणि ज्याने उत्साहाने दोन दिवस आधीच दर बदलले, त्याचेही चुकले. तिसरे, नवी सोय हवी असते: मोबाईलवर संदेश जावा, पावती मोठ्या अक्षरात यावी, अशा गोष्टी. या तिन्हींना आपण सरसकट ‘अपडेट’ म्हणतो. पण तिघांची निकड सारखी नाही, आणि खरा घोटाळा होतो तो इथेच.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या हातून घडलेली एक चूक आज तुम्हांला सांगतो. गावाचे नाव सांगत नाही; पण ऐकणाऱ्यांत त्या गावची माणसे असतील, तर ती ओळखतीलच.

एका दूध संस्थेचा संगणक मी पाहत असे. दिवाळी चार दिवसांवर आली होती. दहा दिवसांचे दूधबिल निघायचे होते आणि त्याबरोबरच वर्षाचा दरफरकही वाटायचा होता. सभासद त्याच फरकावर दिवाळीचा बाजार ठरवतात, हे तुम्हांला ठाऊक आहेच. त्या संध्याकाळी संकलन आटोपले, तसे सचिव म्हणाले, “नवी आवृत्ती आली आहे. तिच्यात फरकाचा तक्ता सुबक निघतो म्हणतात. टाकता का?” मी म्हटले, “पाच मिनिटांचं काम आहे.”

श्रोतेहो, ‘पाच मिनिटांचे काम’ हे शब्द जेव्हा जेव्हा ऐकाल, तेव्हा खुर्ची ओढून घ्या आणि दोन प्रश्न विचारा. मला त्या दिवशी कोणी विचारले नाहीत, आणि मीही स्वतःला विचारले नाहीत. नवी आवृत्ती जुन्या नोंदी आपल्या पद्धतीने फिरवून घेऊ लागली, आणि निम्म्यावर असताना वीज गेली. बॅटरीचा संच होता, पण त्यातली बॅटरी केव्हाच मेलेली होती. वीज आली तेव्हा नोंदींची फाईल ना जुनी राहिली होती, ना नवी झाली होती. “घाबरू नका, पेनड्राइव्हवर बॅकअप आहे,” मी म्हणालो. पेनड्राइव्ह लावला. त्यावरची शेवटची नोंद होती गौरी-गणपतीच्या दिवसांतली. त्यानंतर पेनड्राइव्ह भरून गेला होता; रोज ‘बॅकअप घ्या’ हे बटन दाबले जात होते, पण आत काही जात नव्हते, आणि ते कोणी उघडून पाहिले नव्हते.

पुढचे आठ दिवस आम्ही संस्थेचे रजिस्टर आणि सभासदांची दूधकार्डे पुढे घेऊन एकेक वेळचे दूध, फॅट आणि एसएनएफ पुन्हा भरत बसलो. गावच्या शाळेतले दोन गुरुजी सुट्टी असूनही रोज येऊन आकडे वाचून दाखवत होते. दिवाळी त्यातच गेली. फरक वाटला गेला तो भाऊबीज उलटून गेल्यावर. कोणी फारसे बोलले नाही. पण दोन म्हशींवर घर चालवणारी एक वयस्कर बाई कार्ड द्यायला आली होती, ती मला म्हणाली, “मशीन तुमचं आजारी पडलं दादा, माझ्या म्हशीनं तर एक येळ बी दूध चुकवलं न्हाई.”

त्या वाक्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

तेव्हापासून मी या विषयाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो, आणि जगात इतरत्र काय घडते तेही लक्षपूर्वक वाचू लागलो. तेव्हा ध्यानात आले, की मोठमोठ्या कंपन्याही याच खड्ड्यात पडलेल्या आहेत. फक्त त्यांचा खड्डा मोठा.

पहिली गोष्ट आळसाची. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधली एक फट बुजवणारी दुरुस्ती प्रसिद्ध केली. अनेकांनी ती ‘पुढे पाहू’ म्हणून ठेवून दिली. १२ मे २०१७ रोजी, म्हणजे दोन महिनेही पुरते झाले नव्हते, त्याच फटीतून ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर विषाणू शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. फाईली कुलूपबंद करायच्या आणि किल्लीसाठी पैसे मागायचे, हे त्याचे काम. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ विभागांपैकी निदान ८१ विभागांचे काम त्याने विस्कळीत केले. रुग्णांच्या १९,००० हून अधिक भेटी रद्द झाल्या असाव्यात, असा तिथल्या लेखापरीक्षकांचा अंदाज आहे. औषध दाराशी येऊन पडले होते. फक्त घ्यायचे राहिले होते.

ही गोष्ट ऐकून कोणी ठरवील, की आता प्रत्येक दुरुस्ती आली रे आली की त्याच घटकेला टाकायची. त्याच्यासाठी दुसरी गोष्ट. १९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्याकडे सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. क्राउडस्ट्राइक या कंपनीचे संगणकांची राखण करणारे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. तिने एक नवी फाईल एकाच वेळी सगळ्या ग्राहकांकडे सोडली. मुळातल्या सॉफ्टवेअरची तयारी होती २० रकाने वाचायची. नव्या फाईलच्या हिशेबाने रकाने झाले २१. त्या एकविसाव्या रकान्यापाशी यंत्र अडखळले ते पडलेच. ७८ मिनिटांत कंपनीने फाईल मागे घेतली, पण तोवर सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले होते. विमाने खोळंबली, आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहून पास द्यावे लागले. आणि जी यंत्रे सुरूच होत नव्हती, त्यांना दुरून कशी दुरुस्त करणार? बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका यंत्रापुढे जाऊन बसावे लागले. राखणदारच दारात आडवा पडला, म्हणून घर उघडेना, अशी ती गत.

म्हणजे उशीर करावा तर तोटा, आणि घाई करावी तर तोटा. मग करायचे काय? करायचे तेच, जे शेतकरी करतो. मूठभर माती उचलून पाहायची. ती कशी, ते आता सांगतो. माझ्यापुरते मी काही प्रश्न ठरवून घेतले आहेत. प्रत्येक दुरुस्तीपूर्वी ते मी मोठ्याने विचारतो, आणि संस्थेच्या सचिवांना किंवा मुख्याध्यापकांना त्यांची उत्तरे द्यायला लावतो.

पहिला प्रश्न: ही दुरुस्ती कोणत्या जातीची आहे? चोराची फट बुजवणारी असेल, तर ती फार दिवस ठेवायची नाही. मायक्रोसॉफ्ट २००३ सालापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी आपल्या दुरुस्त्या प्रसिद्ध करते. आपल्याकडे तेव्हा मंगळवारची रात्र झालेली असते. मी बुधवारी-गुरुवारी ती दुरुस्ती एखाद्या दुय्यम संगणकावर घेतो, दोन-चार दिवस काम करून पाहतो, आणि आठवड्याच्या आत मुख्य संगणकावर नेतो. मात्र त्या फटीचा चोर प्रत्यक्ष फायदा घेऊ लागले आहेत असे कळले, तर बॅकअप घेऊन त्याच दिवशी. आपल्या देशात सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा धोक्यांचे इशारे प्रसिद्ध करते. तालुक्याच्या ठिकाणी एका माणसाने जरी ते नियमाने वाचले, तरी पुष्कळ काम होईल. कायद्याच्या बदलाची दुरुस्ती असेल, तर तिची तारीख ठरलेली असते. आधी तालीम करावी आणि त्या तारखेलाच लागू करावी. आणि नुसती सोय असेल, तर चांगली महिनाभर थांबा. दुसऱ्यांना वापरू द्या. सुबक तक्त्यासाठी कोणाची दिवाळी अडत नाही; तक्त्याच्या हौसेने मात्र अडते, हे मी पाहिले आहे.

दुसरा प्रश्न: आज वार कोणता, तारीख कोणती? पेरणीच्या दिवशी आपण तिफणीचे फण बदलायला काढत नाही. प्रत्येक संस्थेच्या कामाला चढउतार असतो. डेअरीत बिलाचे दिवस, सोसायटीत मार्चअखेर आणि खरिपाचे कर्जवाटप, शाळेत परीक्षेचे अर्ज आणि निकाल. या दिवसांवर कॅलेंडरवर लाल खूण करावी आणि त्या दिवसांत कोणताही ऐच्छिक बदल करू नये. मोठ्या बँकाही वर्षअखेरीसारख्या दिवसांत अशी बदलबंदी पाळतात. तसेच, ज्याला मदतीला बोलवायचे तो माणूस दुसऱ्या दिवशी भेटेल असा दिवस निवडावा. शनिवारी संध्याकाळी दुरुस्ती करून रविवारी फोन न उचलणाऱ्या माणसाची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. संध्याकाळच्या संकलनानंतर करायचे, तर पहाटेच्या संकलनापर्यंत किती तास हाती उरतात, ते आधी बोटांवर मोजावे.

तिसरा प्रश्न: बॅकअप आहे का? माझ्या अनुभवानंतर हा प्रश्न मी थोडा बदलला आहे. मी आता विचारतो, बॅकअप शेवटचा उघडून केव्हा पाहिला? कणगीत धान्य आहे असे समजणे वेगळे, आणि हात घालून पाहणे वेगळे. जाणकार लोक एक सोपा नियम सांगतात: नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक प्रत त्या इमारतीबाहेर असावी. आग लागली, पाणी शिरले, चोरी झाली, तरी बाहेरची प्रत वाचते. त्यात मी माझी एक भर घालतो. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून कालच्या तारखेची एक नोंद वाचून पाहावी. वाचता आली, तरच तो बॅकअप. नाही तर ती नुसती समजूत.

चौथा प्रश्न: फसले तर परत कसे फिरायचे? हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. २०१२ सालच्या जून महिन्यात ब्रिटनमधल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने खात्यांचा रात्रीचा हिशेब करणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेतली. अडचणी दिसू लागल्या, तेव्हा ती काढून टाकायचे ठरले. पण काढून टाकल्यावर काय होईल, हे तपासलेले नव्हते. आणि जुन्या आवृत्तीचा नव्याशी मेळ बसेना. ६५ लाखांहून अधिक ग्राहकांना त्याचा त्रास झाला. कोणाला खात्यातली शिल्लक कळेना, कोणाचे हप्ते जाईनात. पुढे २०१४ मध्ये त्या बँकांना ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड झाला. विहिरीत उतरण्यापूर्वी दोर वर कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते. म्हणून सुरुवात करण्याआधीच वेळ ठरवा: रात्री दहापर्यंत नीट झाले नाही, तर आपण जुन्यावर परत जाणार. आणि दहा वाजले की खरोखरच जा. ‘आणखी थोडे पाहू’ म्हणता म्हणता पहाटेचा भोंगा वाजतो आणि कॅन घेऊन माणसे दारात उभी राहतात.

पाचवा प्रश्न: एकावर पाहिले का, आणि सगळ्यांवर झाले का? हे दोन्ही हवेत. एकावर आधी न पाहिल्याने काय होते, ते क्राउडस्ट्राइकच्या गोष्टीत ऐकलेत. आता उलट गोष्ट ऐका. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीने २०१२ साली आपल्या आठ सर्व्हरांवर नवे सॉफ्टवेअर बसवायला घेतले. सातांवर बसवले, आठवा राहिला. १ ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या आठव्या यंत्रातला जुना, वापरातून गेलेला भाग जागा होऊन भराभरा सौदे करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांच्या वर नुकसान झाले आणि कंपनी स्वतंत्र राहिली नाही. आपल्या डेअरीत दोन संकलन केंद्रे असतील आणि एकावर नवे दरपत्रक, दुसऱ्यावर जुने राहिले, तर भांडण कोणाचे होईल, ते सांगायला नको. यंत्रांची यादी भिंतीवर लावा आणि काम झाले की एकेकावर खूण करा. शाळेत हजेरी घेतो तशी यंत्रांची हजेरी घ्या.

सहावा प्रश्न: ही दुरुस्ती आली कोठून? २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच विष पसरवले गेले. त्या विषाणूला पुढे ‘नॉटपेट्या’ असे नाव पडले. मेर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा त्याने लोळवल्या, आणि त्याचा धक्का आपल्या न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचला. तिथल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या कंपनीला पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. अशी भानगड आपल्याला आधी ओळखता येणे अवघड आहे, म्हणूनच तर तपासलेला बॅकअप हवा. पण एक सोपी फसवणूक आपण नक्की ओळखू शकतो. फोन येतो: “तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीतून बोलतोय साहेब, अपडेट करायचं आहे, हे ॲप घ्या आणि आकडा सांगा.” ते ॲप तुमच्या पडद्याचा ताबा दुसऱ्याला देते. अशा वेळी फोन ठेवा, आणि बिलावर छापलेल्या कंपनीच्या नंबरवर आपण होऊन फोन करा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा.

हे सहा प्रश्न विचारले आणि सगळ्यांची उत्तरे नीट आली, की वाफसा आला असे समजावे. एखाद्याचे उत्तर आले नाही तर थांबावे. पण थांबावे म्हणजे विसरावे असे नव्हे. फट बुजवणारी दुरुस्ती आहे आणि बिलाचे दिवस आले आहेत, असा पेच पडतो. अशा वेळी जमत असेल तर ते यंत्र तीन-चार दिवस इंटरनेटपासून सोडवून ठेवावे, बाहेरचा पेनड्राइव्ह त्याला लावू देऊ नये, आणि बिल वाटून झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती करावी. नांगरट लांबली, तर निदान कुंपण तरी घालून ठेवावे.

प्रत्यक्ष काम करतानाच्याही दोन-तीन गोष्टी आहेत. बॅटरीची परीक्षा आधी घ्यावी: भिंतीवरचे बटन बंद करून संगणक किती मिनिटे चालतो, ते घड्याळावर पाहावे. विंडोजमध्ये कामाचे तास नेमून देण्याची सोय असते. संकलनाची वेळ तिथे भरली, म्हणजे ऐन गर्दीत यंत्र आपण होऊन बंद-चालू होत नाही. आणि दुरुस्ती झाली, की ‘चालू झाले’ एवढ्यावर समाधान मानू नये. ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा एक हिशेब त्याला घालावा. मागच्या महिन्यातले एखाद्या सभासदाचे बिल पुन्हा काढावे आणि छापलेल्या बिलाशी पैशापर्यंत ताडून पाहावे. पाच पैशांचाही फरक पडला, तर तो का पडला हे कळेपर्यंत पुढे जाऊ नये. शेवटी एका वहीत लिहावे: तारीख, काय बदलले, कोणी बदलले, कोणाच्या परवानगीने बदलले. वही दोन वर्षांनी उघडाल तेव्हा तिची किंमत कळेल.

आता शिक्षक बंधू-भगिनींसाठी दोन शब्द. शालार्थ किंवा यू-डायस प्लस यांसारख्या प्रणाली दूरच्या सर्व्हरवर असतात. त्यांची दुरुस्ती आपल्या हाती नाही. त्या अमुक वेळी बंद राहतील अशी सूचना आली, तर ती फळ्यावर लिहून ठेवावी आणि शेवटच्या तारखेच्या शेवटच्या तासावर आपले काम टाकू नये, एवढे आपल्या हाती आहे. शाळेतल्या जुन्या संगणकांचे मात्र पाहायला हवे. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या यंत्राला दुरुस्ती मिळत नाही आणि वाढीव मुदतही घेतलेली नाही, त्यावर मुलांनी टंकलेखन शिकायला हरकत नाही; पण पगाराचे, बँकेचे आणि विद्यार्थ्यांच्या माहितीचे काम त्यावर करू नये. आणि आणखी एक. वरच्या वर्गातल्या मुलांना गणिताच्या तासाला एखादे दूधबिल हाताने काढायला लावा. यंत्राचा हिशेब ताडून पाहणारी माणसे गावात हवीत, आणि ती तुमच्याच वर्गातून निघणार आहेत.

मी तर म्हणेन, कागदाचे रजिस्टर इतक्यात फेकून देऊ नका. आमची चूक निस्तरली गेली, ती कागदाने. ज्या कार्डांना आम्ही जुनी पद्धत म्हणून हसत होतो, त्यांनीच सभासदांचा पैसा राखला.

ती डेअरी आज चांगली चालली आहे. नवी बॅटरी आहे. बॅकअप रोज घेतला जातो आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी उघडून पाहिला जातो. बिलाच्या आणि दिवाळीच्या दिवसांवर कॅलेंडरवर लाल खुणा आहेत. मागल्या खेपेला एका तरुण सचिवाने मला विचारले, “साहेब, नवी आवृत्ती आली आहे, आज टाकायची का? पाच मिनिटांचं काम आहे.” मी म्हटले, “आज तारीख काय?” त्याने भिंतीकडे पाहिले आणि हसून संगणक झाकून ठेवला.

श्रोतेहो, यंत्र आपल्या कामासाठी आहे. त्याची निगा राखलीच पाहिजे. पण त्या निगेची वेळ गोठ्यात पहाटे उठणाऱ्या माणसाच्या सोयीने ठरली पाहिजे. तिची म्हैस दूध चुकवत नाही. आपल्याही हातून तिचा हिशेब चुकू नये, एवढीच खबरदारी आपण घेऊ या.